टिल्ट टेबल टेस्ट: मुलीला सारखी भोवळ येते. कुणाला ह्या तपासणीचा अनुभव आहे का?

साळोखेनगरची | सोमवार, रात्री १०:२०

माझी मुलगी १८ वर्षांची आहे, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. दोन वर्षांत चार वेळा शुद्ध हरपून पडली. पहिल्यांदा रक्त तपासायला सुई टोचली तेव्हा. दुसऱ्यांदा कॉलेजात झेंडावंदनाला उभी असताना. तिसऱ्यांदा गेल्या नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत आणि आता परवा केएमटीच्या बसमध्ये, उभ्यानं येताना.

रांगेत मी तिच्या शेजारीच होते. दोन तास झाले होते उभं राहून, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. आधी तिनं दोन जांभया दिल्या. मग म्हणाली, "आई, ढोलाचा आवाज लांब गेल्यासारखा वाटतोय." बघते तर ओठ पांढरेफटक, कपाळावर घाम. मी हात धरेपर्यंत ती खाली. मागच्या बायकांनी काखेत हात घालून तिला बसतं केलं, एकानं चप्पल नाकाला लावली. बसवल्यावर मात्र तिचे दोन्ही हात झटके द्यायला लागले आणि कुणीतरी ओरडलं, "फिट आलीया!"

तो एक शब्द आमच्या मागं लागला. ईईजी म्हणजे मेंदूचा आलेख झाला, एमआरआय झाला, दोन्ही स्वच्छ. तरीही "झटके आले होते ना?" म्हणून फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. सात महिने झाले. पोरगी दुपारी पुस्तकावर डोकं ठेवून झोपते आणि परवा गोळ्या चालू असतानाच पडली.

आता दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. उभी होती की बसलेली? पडायच्या आधी काय वाटत होतं? रंग कसा झाला होता? किती वेळात शुद्धीवर आली, आणि आल्यावर लगेच ओळखलं का? माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं, ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला आणि टिल्ट टेबल टेस्ट करू म्हणाले. मुद्दाम भोवळ आणतात म्हणे. त्यात धोका नाही का? आणि टेबलावर काहीच झालं नाही तर मग काय समजायचं? कुणी केली असेल तर सविस्तर लिहा. दोन रात्री झोप नाही.

फौंड्रीवाला | सोमवार, रात्री ११:०५

ताई, घाबरू नका. माझी झालीय ही टेस्ट, दोन वर्षांपूर्वी. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. मे महिन्यात भट्टीजवळ सलग उभा होतो, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि पडलो. हनुवटीला पाच टाके. महिनाभरात परत तसंच. घरच्यांनी हार्ट अटॅकच धरला होता. अँजिओग्राफीपर्यंत जाऊन आलो, ती नॉर्मल निघाली.

टेस्टचं सांगतो. चार तास उपाशीपोटी बोलावलं होतं. खोली शांत, दिवे मंद. अरुंद पलंगावर झोपवलं, छातीवर आणि गुडघ्यांवर पट्टे बांधले, तळपाय खालच्या फळीला टेकवले. छातीला ईसीजीच्या तारा, एका दंडाला बीपीचा पट्टा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला एक छोटी पट्टी, ती ठोक्याठोक्याला बीपी दाखवते. सलाईनची सुई लावली होती म्हणून २० मिनिटं नुसतं पडून राहायला सांगितलं. मग मोटरनं पलंग हळूहळू उभा केला, ७० अंशांपर्यंत. भिंतीला रेलून उभं राहिल्यासारखं वाटतं, पण पाय हलवायचे नाहीत.

पहिली २० मिनिटं मला काही झालं नाही. मग जिभेखाली औषधाचा फवारा मारला. सहा-सात मिनिटांनी कानात भट्टीसारखी घरघर, पोटात ढवळलं, घाम. मी म्हणालो "मॅडम, तेच होतंय," आणि पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तर पलंग आडवा होता आणि सिस्टर माझं नाव विचारत होत्या. नंतर आलेख दाखवला. बीपी ११८ वरनं ६२ वर आणि नाडी ९६ वरनं ४१ वर. वर्षभर लोकांना सांगत होतो की मला "काहीतरी होतंय", ते कागदावर बघून मला रडू आलं, खरंच सांगतो.

गंगावेस_कट्टा | मंगळवार, सकाळी ७:१५

वहिनी, ह्या वयात मुलींना अशक्तपणा असतोच. आधी हिमोग्लोबिन बघा. सकाळी उपाशी बाहेर पडू देऊ नका. आमच्या घरात दोघींना असंच व्हायचं, रोज कट्ट्यावरचं दूध आणि खजूर सुरू केला, थांबलं. एवढ्या मोठ्या तपासण्यांची गरज आहे का, हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा.

टेबलाशेजारी | मंगळवार, दुपारी ३:४०

मी कार्डिओलॉजी विभागात परिचारिका आहे, ह्या टेबलाशेजारी उभी राहून बरीच वर्षं झाली. सावकाश लिहिते, कारण ह्या तपासणीबद्दल भीतीही फार आहे आणि गैरसमजही.

आधी काकांच्या मुद्द्याला उत्तर. हिमोग्लोबिन बघायलाच हवं, उपाशी राहू नये हेही खरं. साध्या, ओळखीच्या भोवळीला टिल्ट लागतही नाही. सुई बघून, रक्त बघून, उन्हात उभं राहून एखाद्या वेळी चक्कर आली, ईसीजी ठीक असेल, तर चांगला डॉक्टर हकीकत ऐकूनच निदान करतो. टिल्ट उपयोगी पडते ती हकीकत अर्धवट जुळते तिथं. ताईंच्या मुलीसारखं, फिट की भोवळ असा घोळ असतो तिथं.

आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणारी केंद्रं असतात. ती लगेच मेंदूला कळवतात, ठोके वाढतात, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आपल्याला काही जाणवतसुद्धा नाही. भोवळ येणाऱ्या माणसात काही वेळ हे सगळं नीट चालतं आणि मग अचानक उलट फिरतं. आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात, व्हेगस नावाची नस हृदयाला थांब म्हणते. ठोके मंदावतात, दाब कोसळतो. मेंदूचा रक्तपुरवठा सहा-आठ सेकंद तुटला तरी शुद्ध जाते. ह्याला व्हॅसोव्हेगल सिंकपी म्हणतात. हे नाव सर थॉमस लुईस यांनी १९३२ मध्ये वापरलं. कलतं टेबल पूर्वी शरीरक्रियेच्या अभ्यासात वापरत. कारण न सापडलेल्या भोवळीच्या रुग्णांसाठी ते निदानाला उपयोगी आहे, हे लंडनच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं.

टेबलावर पाय हलू देत नाहीत, त्याला कारण आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. तो पंप बंद ठेवला की शरीराचा खरा स्वभाव उघडा पडतो. दर्शनरांगेत, परेडला, केएमटीत दांडा धरून उभं असताना हेच होतं. साधारण ६० ते ७० अंशांत २० ते ४५ मिनिटं ठेवतात. तोवर काही झालं नाही तर नायट्रोग्लिसरीनचा फवारा जिभेखाली मारतात, ३०० ते ४०० मायक्रोग्रॅम, आणि पुढं १५-२० मिनिटं थांबतात. काही ठिकाणी त्याऐवजी आयसोप्रेनालिन शिरेतून थेंबाथेंबानं देतात.

धोक्याचं म्हणाल तर, शुद्ध हरपली की आम्ही लगेच टेबल आडवं करतो आणि बहुतेक जण काही सेकंदांत बोलायला लागतात. खोलीत ऑक्सिजन, औषधं, शॉक द्यायचं यंत्र तयार असतं. महाधमनीची झडप फार अरुंद असेल, हृदयाच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा असेल, गरोदरपण असेल, तर विचार वेगळा करावा लागतो. इको आधी करून घेतला हे डॉक्टरांनी योग्य केलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, टेबलावर काही झालं नाही तर. ताई, ही परीक्षा पास-नापासाची नाही. कधीही न पडलेल्या माणसालाही टेबलावर भोवळ येऊ शकते आणि दहा वेळा पडलेला माणूस त्या दिवशी खणखणीत उभा राहू शकतो. म्हणून टेबलावर जे झालं ते रोजच्यासारखंच होतं का, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. अनोळखी चक्कर आली तर त्या आलेखाची किंमत कमी. "हो, हेच, अगदी असंच" असं रुग्ण म्हणाला, बघणारा नातेवाईक म्हणाला, की मग त्याला अर्थ. तुम्ही तिच्यासोबत आत थांबा. रांगेत तिला तुम्ही पाहिलंय. जांभई, लांब गेलेला आवाज, पांढरे ओठ, हे तुम्ही टिपलंत, ह्याचं मोल त्या एमआरआयपेक्षा कमी धरू नका.

झटक्यांबद्दलही लिहिते. मेंदूला रक्त कमी पडलं की हातपाय मोजके, वेडेवाकडे झटके देऊ शकतात. ती फिटच असते असं नाही. फिटमध्ये बहुधा झटके जास्त वेळ आणि एका लयीत चालतात, जीभ कडेला चावली जाते, चेहरा काळानिळा पडतो आणि नंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो. भोवळीत तो पांढरा पडतो आणि चटकन भानावर येतो. लघवी दोन्हीत होऊ शकते, त्यावरून ठरवू नका. आणि पडलेल्या माणसाला बसतं करू नका हो! बसवलं की डोकं वर राहतं, रक्त पोचत नाही, झटके येतात आणि शुद्ध यायला वेळ लागतो. आडवंच ठेवायचं, पाय वर. चप्पल-कांद्यानं काही होत नाही.

फिटच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. टेस्टचा निकाल काहीही येवो, त्या न्यूरॉलॉजिस्टच कमी करत आणतील.

तालमीतला | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

सिस्टर, माझा पुतण्या १६ वर्षांचा, तालमीत आहे. परवा सपाट्या मारताना मध्येच कोसळला. चक्कर वगैरे काही जाणवलं नाही म्हणतो, एकदम पडला. त्याचीपण ही टेस्ट करून घेऊ का? वस्ताद म्हणतात खुराक कमी पडतोय.

टेबलाशेजारी | मंगळवार, संध्याकाळी ६:४२

दादा, हे वेगळं आहे. मेहनत चालू असताना, काही सूचना न देता कोसळला, तर टिल्टच्या रांगेत उभं राहायचं नाही. उद्याच हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. ईसीजी आणि इको हवा, पुढचं ते सांगतील. हृदयाचा स्नायू जाड असणं, झडप अरुंद असणं, ठोक्यांच्या विद्युतलहरीचा जन्मजात दोष, ही कारणं आधी बाजूला काढायला हवीत. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, ते विचारून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. तोवर जोर, बैठका, धावणं, लढत, सगळं बंद. वस्तादांना माझ्या नावानं सांगा हवं तर.

तालमीतला | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

त्याचा चुलत आजोबा ३० व्या वर्षी झोपेत गेला होता. आजवर कुणी जोडून बघितलं नव्हतं. सकाळी पहिली वेळ घेतलीय.

राजारामपुरीकर | मंगळवार, रात्री ९:५५

माझे वडील ७४ वर्षांचे. रात्री लघवीला उठतात आणि न्हाणीघराच्या दारात पडतात, दोनदा झालं. बीपीच्या दोन गोळ्या आणि प्रोस्टेटची एक चालू आहे. त्यांनाही टिल्ट लागेल का?

टेबलाशेजारी | मंगळवार, रात्री १०:३०

आधी घरच्या मशिनवर बघा. पाच मिनिटं पडून राहिल्यावर बीपी घ्या. मग उभं करून १ मिनिटानं आणि ३ मिनिटांनी घ्या, जवळ कुणीतरी उभं राहून. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, किंवा खालचा १० किंवा जास्त, तर उठल्यावर दाब पडतोय असं धरतात. त्यांच्या गोळ्यांत हे करणाऱ्या असू शकतात, प्रोस्टेटची गोळीसुद्धा. सगळ्या पट्ट्या आणि हे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. ते मात्रा किंवा वेळ बदलतील. तोवर रात्री पलंगाजवळ भांडं ठेवा, उठताना आधी कडेला बसून पाय हलवू देत, लघवी बसून करू देत. ईसीजी मात्र त्यांचाही हवाच. ह्या वयात ठोके मध्येच थांबण्याचे आजारही असतात.

साळोखेनगरची | शुक्रवार, रात्री ९:१५

आज टेस्ट झाली. सिस्टर, तुमचं लिहिलेलं प्रिंट काढून नेलं होतं.

झोपलेली असताना बीपी ११२/७०, नाडी ७२. टेबल उभं केल्यावर नाडी ९६ वर गेली आणि तिथंच राहिली. डॉक्टर म्हणाले, हे ठीक आहे. तिच्या वयात दहा मिनिटांत ४० नं वाढली असती आणि दाब टिकून असता, तर पॉट्स नावाचा वेगळा त्रास धरला असता. डोक्यालाही ईईजीच्या तारा लावल्या होत्या आणि समोर कॅमेरा होता, फिटचा प्रश्न एकदाचा सुटावा म्हणून. दहा मिनिटं झाली, बारा झाली. मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत होते. एसीचा आवाज तेवढा येत होता.

चौदाव्या मिनिटाला तिनं जांभई दिली.

माझ्या पोटात खड्डा पडला. मी सिस्टरना म्हणाले, "आता होणार." त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बीपी अजून १०० होतं. मग ८४. पोरीनं दुसरी जांभई दिली, ओठांचा रंग गेला, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले. "आई, असंच. अगदी असंच होतं," एवढं बोलली. आकडा ६० वर. नाडी ९० वरून ५०, ४०, आणि मग पडद्यावरची ठोक्यांची हिरवी रेघ सरळ झाली. डोळे उघडे, नजर माझ्यावर नाही. हातांना तीन-चार झटके आले, हुबेहूब रांगेतल्यासारखे. तोवर टेबल खाली येत होतं. रेघ सहा सेकंद सरळ होती असं नंतर सांगितलं. मला वाटलं मी तिथं वर्षभर उभी आहे. आडवी झाल्यावर ठोका परत आला, चेहऱ्यावर रंग चढला, आणि तिनं पहिलं काय विचारलं तर, "झालं का? मला पडले ते कळलं."

डॉक्टरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले. झटके आले त्या क्षणी मेंदूच्या आलेखात लहरी मंद होऊन सपाट झाल्या होत्या, फिटसारखं काही नव्हतं. आधी दाब पडला, मग हृदय थांबलं, मग झटके. हा क्रम त्यांनी मला बोट ठेवून समजावला. सात महिन्यांत कुणी असं समजावलं नव्हतं.

पण ते सहा सेकंद डोक्यातून जात नाहीत. नात्यातले एक जण म्हणतात, हृदय थांबतंय तर पेसमेकर बसवून टाका.

टेबलाशेजारी | शुक्रवार, रात्री १०:००

तुम्ही आत थांबलात, फार बरं केलंत.

रेघ सरळ झाली की आईच्या जिवाचं काय होतं, ते मी पाहिलंय. पण हृदयात बिघाड आहे म्हणून ते थांबलं नाही. नसेनं त्याला थांबवलं, आणि आडवं होताच ते आपलं आपण सुरू झालं. १८ वर्षांच्या मुलीला, जिला आधी जांभया येतात, आवाज लांब जातो, एवढी सूचना मिळते, तिला ह्या एका आलेखावरून पेसमेकर बसवत नाहीत. तो विचार साधारण ४० च्या पुढच्या, काहीही सूचना न मिळता सारखे पडून इजा करून घेणाऱ्या, हृदय थांबत असल्याचं नोंदलं गेलेल्या निवडक लोकांसाठी असतो. शिवाय तिचा दाब आधी पडतो. पेसमेकर ठोका देईल, दाब धरून ठेवणार नाही.

तिला काय करायला सांगितलंय?

साळोखेनगरची | शुक्रवार, रात्री १०:२५

दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी. बीपी आणि किडनी ठीक आहे म्हणून जेवणात मीठ थोडं जास्त. उपाशी रांगेत उभं राहायचं नाही. जांभई आली की जिथं असेल तिथं आडवं व्हायचं, लाजायचं नाही. जागा नसेल तर पायाची अढी घालून मांड्या आणि पोट आवळायचं, हाताच्या मुठी एकमेकींत अडकवून जोरात ओढायच्या. औषध सध्या काहीच नाही. ह्यानं भागलं नाही तर मिडोड्रिनसारख्या, दाब धरून ठेवणाऱ्या गोळ्या असतात म्हणाले. स्कूटी तूर्त बंद, पुढच्या भेटीत ठरवू असं सांगितलं.

फौंड्रीवाला | शुक्रवार, रात्री १०:४०

ताई, मुठी ओढायचं खरंच चालतं. माझा हात एकदा क्रेनच्या दांड्यावर होता, तोच आवळून धरला, अंधारी आली तशी गेली. आता शिफ्टला जाताना दोन ग्लास पाणी पिऊनच निघतो आणि साहेबांनी भट्टीपासनं लांबचं काम दिलंय, रिपोर्ट दाखवल्यावर.

तालमीतला | शुक्रवार, रात्री ११:१५

सिस्टर, पुतण्याच्या इकोत हृदयाचा स्नायू जाड निघाला. पुढच्या तपासण्या चालू आहेत, त्याच्या भावाला आणि वडिलांनापण बोलावलंय. तालीम बंद. पोरगं दोन दिवस कुणाशी बोललं नाही. वस्ताद स्वतः घरी येऊन बसले होते आज. तुम्ही त्या दिवशी लगेच उत्तर दिलं, विसरणार नाही.

साळोखेनगरची | शनिवार, सकाळी ८:०५

मी तिची मुलगी लिहितेय, आईच्या अकाउंटवरून. फौंड्रीवाले काका, काल घरी आरशासमोर पायांची अढी घालून उभं राहायची सवय केली, बसमध्ये तोल जातो का ते सोमवारी बघते. मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलंय की मी पडले तर मला उचलून बसवायचं नाही, माझी सॅक पायांखाली ठेवायची.

आज अकरा वाजता न्यूरॉलॉजिस्टकडे जायचंय, गोळ्या कशा कमी करायच्या ते विचारायला. बाहेर पडले तेव्हाचा व्हिडिओ कुणीच काढला नव्हता. टेबलावरचा आहे, तो पेनड्राइव्हवर घेतलाय.